फोर्कलिफ्टचं कॅरेज (माल उचलायचे दोन दांडे, म्हणजे फोर्क, बसवलेला वर-खाली होणारा भाग) वर ठेवून खाली काम करतात, हे बरोबर आहे का?

गोडाऊनवाला_चाकण: आमच्याकडे 3 टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे, बाहेरून मेकॅनिक येतो. तो कॅरेज पूर्ण वर घेतो, इंजिन चालूच, आणि खाली वाकून चेनला ग्रीस लावतो, लिकेज शोधायला होजवरून (प्रेशरच्या तेलाच्या पाइपवरून) हात फिरवतो. मला बघूनच भीती वाटते. शिवाय एका फोर्कला वाकाशी बारीक क्रॅक दिसतोय, सुपरवायझर म्हणतात वेल्डिंग मारून घेऊ. काय करावं?

जुना_फिटर: आधी त्याला थांबवा दादा, बाकी सगळं नंतर. वर उचललेलं कॅरेज फक्त तेलाच्या प्रेशरवर उभं असतं, होज फुटला की सरळ खाली, बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. आणि इंजिन बंद केलं म्हणजे झालं असंही नाही, बऱ्याच मशीनला इंजिन बंद असतानाही लिव्हर ढकलला की कॅरेज वजनानेच खाली येतं. जेवढं काम खाली ठेवून होतं तेवढं खालीच करायचं, वर घ्यावंच लागलं तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलंय तिथे मजबूत ठोकळा लावून, चावी काढून काम करणाऱ्याच्याच खिशात, आणि स्टिअरिंगला 'काम चालू आहे, सुरू करू नका' असा बोर्ड.

होजवरून हात तर अजिबात नको. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं, बाहेरून नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही सुरुवातीला, म्हणून माणूस घरी जातो आणि नंतर बोट कापायची वेळ येते. प्रेशर असताना लिकेज बघायचंच तर लांबून पुठ्ठा धरून. कुणाला लागलंच तर लगेच हॉस्पिटल, आणि प्रेशरचं तेल आत गेलंय हे डॉक्टरला स्पष्ट सांगायचं.

मेंटेनन्स_भोसरी: फोर्कला वेल्डिंग नाही म्हणजे नाही. ते हीट ट्रीटमेंट केलेलं स्टील असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ताकद जाते, क्रॅक दिसला की तो फोर्क बाद, आणि नवा घ्याल तेव्हा जोडीच घ्या. क्रॅक नसला तरी वाकाशी जाडी मोजत जा, 10% झिजला की बदलायचा. चेन 3% लांबली की तीही बदलायची. आणि चेनला जाड ग्रीस नको, आत पिनपर्यंत पोचत नाही, तेल वापरा.

गोडाऊनवाला_चाकण: खूप आभार. बॅटरीवाली पण एक आहे, तिचं पाणी कधी टाकायचं?

जुना_फिटर: लेड अ‍ॅसिडची असेल तर फुल चार्ज झाल्यावर, डिस्टिल्ड वॉटरच. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगला अ‍ॅसिड उतू जातं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच टाका. गॉगल, ग्लोव्हज घालूनच. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, हवेत 4% झाला की ठिणगीने पेट घेतो, म्हणून खोली हवेशीर हवी, विडी-सिगारेट बंद, बॅटरीवर पाना ठेवायचा नाही, आणि चार्जर बंद केल्याशिवाय कनेक्टर ओढायचा नाही.

गोडाऊनवाला_चाकण: समजलं. नवा फोर्क येईपर्यंत ती गाडी उभीच ठेवतो, चावी माझ्याकडेच राहील.