'ऑन द हुक'ला आपल्या भाषेत काय म्हणायचं?

वावरवाला (यवतमाळ)
पुतणीच्या इंग्रजीच्या वहीत 'ही इज ऑन द हुक फॉर द लोन' याचा अर्थ 'तो कर्जाच्या गळाला लागला' असा लिहिलाय. मला हे साफ चुकीचं वाटतं. गळाला लागतो तो आमिषाला भुललेला. इंग्रजीत बोलताना 'ऑन द हुक' म्हणतात ते ज्याच्यावर पैसे भरायची जबाबदारी आली त्याला; तो फसलेलाच असेल असं नाही. आपल्याकडे याला 'अंगावर येणं' म्हणतात. बाबांनी त्यांच्या चुलतभावाच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. हप्ते थकले, नोटीस आमच्या घरी आली. आईनं ती देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली दडवली. बाबांना सापडलीच. म्हणाले, "सही माही हाय, मीच भरीन." अशा माणसाला मासा म्हणवत नाही मला.

कपाशीचं बोंड
भाऊ, राग नोको मानू, पन गळच हाय तो. आमिष भिडीचं असते. चहा पाजतेत, 'तू नाही त कोन?' म्हन्तेत, अन् कागद पुढं सरकवतेत. भीड भिकेची बहीन! माह्या मामानं अशीच सही केली. कर्जातला एक रुपया पाह्यला नाही, पन पीककर्जाले गेला त सायब म्हने, सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब हाय. मिरग तोंडावर अन् बियानं उधारीवर. याले फसनं नाही त काय म्हनाव?

कोर्टाची पायरी
कायदा भीड पाहत नाही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेनं आधी कर्जदारालाच गाठावं असं बंधन नाही. म्हणून मला 'अंगावर येणं'ही अपुरं वाटतं. सही केली त्याच दिवशी ते अंगावर आलेलं असतं, हप्ता थकल्यावर फक्त दिसतं. मात्र भरलेली रक्कम कलम १४५ प्रमाणे कर्जदाराकडून वसूल करता येते. पावत्या जपा.

कपाशीचं बोंड
म्हंजे भरनार याचे बाबा, अन् 'ऑफ द हुक' काका! तो त सुटला ना? दावा टाका.

वावरवाला (यवतमाळ)
वावराला वावर लागून आहे आमचं. पोळ्याला दोघांच्या जोड्या एकाच तोरणाखाली उभ्या राहतात. बाबा दावा टाकणार नाहीत, आणि मीही त्यांना तसं सांगणार नाही. पहिल्या हप्त्याची पावती मात्र आज त्याच करंड्याखाली ठेवली.