उद्याचा पाऊस चुकतो, मग पन्नास वर्षांनंतरच्या हवामानावर विश्वास कसा ठेवायचा?

प्रश्न : विज्ञान शिक्षिका, करवीर तालुका

नमस्कार. १ मे रोजी झालेल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत मला हवामान बदलावर बोलण्यास सांगण्यात आले होते. तापमानवाढीचे आलेख मी नीट तयार करून नेले होते. बोलणे संपल्यावर एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी विचारले, "बाई, उद्या पाऊस म्हणून सांगतात आणि दिवसभर ऊन पडते, मग पन्नास वर्षांनंतरचे तुम्ही एवढ्या खात्रीने सांगता, ते आम्ही कशाच्या भरवशावर मानायचे?" मी पाठ्यपुस्तकातील व्याख्या सांगितली, परंतु ती कोणालाच पटली नाही, हे समोरच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मला पुन्हा बोलायचे आहे. विज्ञानाशी प्रामाणिक राहून हे कसे सांगावे?

उत्तर : ऊस उत्पादक, शिरोळ तालुका

बाई, आलेख घरी ठेवा आणि उसावरून सांगा. सरीतल्या कोणत्या उसाला किती कांड्या धरतील आणि कोणता हुमणीने वाळेल, हे लावणीच्या वेळी कोणीही सांगू शकत नाही. तरीही जमिनीचा मगदूर, खताची मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या ठाऊक असल्या की एकरी टनेज किती पडेल, हे जाणता शेतकरी तोडणीच्या बऱ्याच आधी बांधावर उभा राहून सांगतो. उद्याचा पाऊस म्हणजे तो एकेक ऊस आणि हवामान म्हणजे टनेज. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेला आहे. मात्रा एवढी बदलली तर पीक पहिल्यासारखे राहणार नाही, हे आमच्या माणसांना वेगळे समजावावे लागत नाही.

उत्तर : रहिवासी, प्रयाग चिखली

आमच्या घराच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. वडिलांनी ती स्वतः खिळ्याने कोरली होती आणि चौदा वर्षे आमचा सगळा हिशेब तिच्यावरच चालला. ऑगस्ट २०१९ मध्ये आम्ही भाताची पोती त्या रेघेच्या दोन हात वर, माळ्यावर रचली आणि निर्धास्त झालो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आमची पोती भिजून फुगली, शिवणी उसवल्या आणि पुढे कित्येक दिवस घरात आंबलेल्या भाताचा वास राहिला. इशारे आम्हाला मिळाले होते. पण "अतिवृष्टीची शक्यता" या शब्दांतून पाणी आमच्या उंबऱ्यापर्यंत येणार की माळ्यापर्यंत, हे कळत नव्हते. बंधाऱ्यावरची पातळी मात्र फूट-इंचांत येते आणि तिच्यावर गावातील प्रत्येकाचा विश्वास आहे. माझ्या मते लोकांचा राग विज्ञानावर नाही, मोघम भाषेवर आहे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक (भौतिकशास्त्र), कोल्हापूर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. त्यांत एक भर घालतो. २०१९ चा पूर हवामान बदलानेच आला, असे कृपया सांगू नका. धरणांतील विसर्ग, पूररेषेच्या आत झालेली बांधकामे आणि पाण्याचा संथ निचरा यांचाही विचार करावा लागतो, आणि गावकऱ्यांना हे सर्व आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. एवढेच सांगा, की हवा एक अंशाने तापली तर तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिप्पट झाल्या. जुनी रेघ अपुरी का पडू शकते, हे त्यावरून समजते.

चुकाही लपवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे निराधार विधान छापले गेले होते. जानेवारी २०१० मध्ये समितीने ती चूक जाहीरपणे मान्य केली. त्याच समितीने २०२१ मध्ये मानवी कृतींमुळे पृथ्वी तापली हे निःसंदिग्ध असल्याचे म्हटले. मात्र प्रदेशागणिक पाऊस कसा बदलेल, याविषयी ती खात्रीची पातळी वेगवेगळी नोंदवते. काय पक्के आणि काय अंदाजाचे, हे दोन निरनिराळ्या वाक्यांत सांगितले, तर त्या ज्येष्ठ शेतकऱ्यांना खरे उत्तर मिळेल.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. उसाच्या टनेजपासूनच सुरुवात करीन, आणि त्या आजोबांना आधी घरी जाऊन भेटेन. चिखलीच्या दादांना एक विनंती आहे : तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण अजून असेल, तर ती २००५ च्या रेघेपेक्षा किती फूट-इंच वर आहे, हे मोजून कळवाल का? मुलांना घेऊन शाळेच्या भिंतीवर तेवढ्याच अंतराने दोन रेघा आखाव्यात, असे मनात आहे.