लिफ्टचा फंड, पाण्याची मोटर आणि काकूंच्या चर्चचं छप्पर

ए-१०४: सेक्रेटरी साहेब, लिफ्टसाठी म्हणून वर्षभर प्रत्येक फ्लॅटकडनं महिन्याला ५०० घेतले, त्यातनं बोअरची मोटर बसवली म्हणे. कुणाला विचारून?

सेक्रेटरी: पाणी न्हवतं ओ दोन दिवस. तुमच्याच घरातनं सकाळी सहाला फोन आलेला. पैसा सोसायटीचा, मोटर सोसायटीची, मी काय घरी न्हेली का

ए-१०४: तसं म्हणालो नाही मी. हिशेब टाका म्हणालो

सेक्रेटरी: नऊ वर्षं फुकट राबालोय. विश्वास नसंल तर सांगा, उद्या चाव्या देतो

सी-४०३: झालं. चाव्या निघाल्या 😄

बी-३०२ काकू: सेक्रेटरी, रागावू नका, पण हे "विश्वास नाही का" मी आधी ऐकलंय, अगदी ह्याच शब्दांत. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये. छप्पर गळायचं म्हणून छपरासाठी वेगळी पाकिटं काढली होती, चार वर्षं लोकांनी दिली, आमच्या आईने पेन्शनमधून दिली. मग नवीन फादर आले आणि त्या पैशातून आवारात पेव्हर ब्लॉक बसले, कंपाउंड झालं. छान झालं हो, खोटं कशाला बोलू, पावसात चप्पल चिखलात रुतायची ती बंद झाली. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य प्रार्थना, चालू असताना गळतीखाली बादली होती तिथेच! माझ्या भावाने विचारलं तर फादर म्हणाले चर्चचा पैसा चर्चलाच लागला ना. आणि लोक भावावरच चिडले, धर्मगुरूंवर संशय घेतो म्हणून. आईसुद्धा दोन दिवस बोलली नाही त्याच्याशी.

सी-४०३: मग फादरनी खाल्ले का पैसे काकू?

बी-३०२ काकू: एक रुपया नाही. तेच तर सांगतेय. बिलं सगळी निघाली नंतर. माणूस प्रामाणिक होता आणि तरीही चुकला. छपरासाठी दिलेला पैसा छपरालाच लावायचा, हा आमच्या चर्चच्या कायद्यातच नियम आहे. १९८३ चा कॅनन लॉ, त्यातला १२६७ नंबरचा नियम. भावाने पुस्तक आणून खुणा करून ठेवल्या होत्या, तो तसलाच आहे.

डी-१०१: म्हंजे आपल्यात देवळाची दानपेटी आन् अन्नछत्राची पेटी येगळी असती तसंच की

बी-३०२ काकू: अगदी तेच. आमच्याकडे पण रविवारची थैली वेगळी, गरिबांची पेटी वेगळी, कुणाच्या नावाने मिस्सा सांगायला फादरना देतात ते पैसे वेगळे.

ए-१०४: खरं काकू, हिशेब बघायचा कुणी? सगळं फादरच्याच हातात असतं न्हवं?

बी-३०२ काकू: सही फादरची, हे खरं. पण प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, फायनान्स कमिटी असलीच पाहिजे, ५३७ नंबरचा नियम. ऐच्छिक नाही. गंमत अशी की कमिटी फक्त सल्ला देते, शेवटचा शब्द फादरचाच. आणि पुढे १२८७ म्हणतो की लोकांनी जे दान दिलं त्याचा हिशेब लोकांना द्यायचा. कधी आणि कसा ते स्थानिक नियमांवर सोडलंय, तिथेच घोळ होतो. आमच्याकडे कमिटी होती, कागदावर. चौघे, त्यातले दोघे गल्फला 😅

सी-२०१ (सीए): ट्रस्ट रजिस्टर असेल तर आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो, देऊळ असो, चर्च असो. ऑडिट करून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचं, आणि जमीन विकायची तर आधी परवानगी. पण त्यांच्याकडे ताळेबंद गेला म्हणजे लोकांना कळलं असं होत नाही. ताळेबंदात "मालमत्ता दुरुस्ती" अशी एक ओळ असते, त्या ओळीत छप्पर पण बसतं आणि पेव्हर ब्लॉक पण.

सी-४०३: नाद खुळा 👌

डी-१०१: व्हॅटिकनात पण झालतं की कायतरी लंडनच्या बिल्डिंगचं

बी-३०२ काकू: हो, डिसेंबर २०२३ ला तिथल्या कोर्टाने त्या प्रकरणात एका कार्डिनलना, म्हणजे पोपच्या खालच्या मोठ्या धर्मगुरूंना, साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली, मग त्यांनी अपील केलं. पण भाऊ, लंडनच्या बिल्डिंगवर आम्ही काय बोलणार. आम्हाला आमची बादली दिसत होती.

ए-१०४: मग पुढं काय झालं?

बी-३०२ काकू: काही भांडण नाही झालं मोठं. पुढच्या फादरनी थैली मोजायला दोन घरातली दोन माणसं बसवायला सुरुवात केली, एकाच घरातली नाही, आणि मिस्सा झाली की लगेच, सामान ठेवायच्या खोलीत, दार उघडं ठेवून. रक्कम वहीत, दोघांच्या सह्या, सोमवारी बँक. आणि दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर एक कागद: छप्पर इतके जमले, इतके गेले, इतके शिल्लक. पेव्हरचे पैसे "छपराला देणे" म्हणून लिहिले आणि सणाच्या जमेतून हळूहळू फेडले. गंमत म्हणजे कागद लागल्यावर पाकिटं वाढली. आईने तर दुप्पट केलं, आणि भावाला म्हणाली आता तरी गप बस.

डी-१०१: आमच्या तालमीत गणपती उठला की जमाखर्च फळ्यावर लिवत्यात, पानसुपारीपासनं. एका वर्षी नारळाचे पैसे दोनदा लागले तर पोरांनी फळ्यापुढंच पकडलं. कोण चोर न्हवता, दोघांनी दोन येळा आणलेले नारळ

सी-२०१ (सीए): आपलं पण बघा. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते सोसायटीला. लिफ्टचा फंड मोटरला वापरला तर ठराव करून "लिफ्ट फंडाला देणे" असं लिहा, काकूंच्या चर्चसारखं. पाणी नसताना मोटर घेतली ह्यात कुणाची तक्रार नाही.

ए-१०४: माझी पण नाही. लेखी पाहिजे एवढंच. चाव्या ठेवा तुमच्याकडंच, आम्हाला कुठं झेपालंय

सेक्रेटरी: बरं बरं. रविवारी दहाला पार्किंगमध्ये या सगळ्यांनी, वही आणतो. मोजायला काकू आणि १०४ बसा, दोन घरं झाली

बी-३०२ काकू: दहाला मी चर्चला असते. साडेअकरा करा.

सेक्रेटरी: साडेअकरा. एकच अडचण हाय, मोटरचं बिल साध्या कागदावर हाय

सी-२०१ (सीए): पक्कं मागा. जीएसटीसकट.

सेक्रेटरी: आता जीएसटी कोण भरणार ओ 🙏