मदत हवी आहे: ऑक्सिजन ९५, तरी बाबांना धाप का लागते?

गोंधळलेला_कावळा: बाबा ७१ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे. नव्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.४ आणि हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचा टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे हाडं ठिसूळ. ऑक्सिमीटर ९५ दाखवतोय, तरी बाथरूमपर्यंत गेले की धापा टाकतात. फुप्फुसाचा हाडांशी आणि रक्ताशी संबंध काय? लोहाची गोळी दुप्पट करू का? डॉक्टर सोमवारी भेटणार. जरा लवकर सांगा.

पाटीपेन्सिल: स्टिरॉइड चालू आहे? फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, किती? पाठ दुखते का?

गोंधळलेला_कावळा: पंप आहे फक्त. फेरिटिन १८०, म्हणजे नॉर्मलच ना? पाठ दुखते, पण ती वयामुळे.

कोवळं_ऊन: माझ्या सासूबाईंची हाडं सकाळच्या कोवळ्या उन्हानं सुधारली. गोळ्याबिळ्या काही नाही.

उलटतपासणी: कोवळ्या उन्हात यूव्हीबी किरणं जेमतेम असतात, ड जीवनसत्त्व कुठून बनणार? आणि सीओपीडीत हिमोग्लोबिन वाढतं हो, माझ्या काकांचं १८ होतं. लॅबनं घोळ घातलाय.

पाटीपेन्सिल: लॅबला कशाला मध्ये ओढता? ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिन वाढतं, खरंय. पण आजारातली सूज धुमसत राहिली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं आणि लोह साठ्यातच अडकून पडतं, हिमोग्लोबिन बनायला मिळत नाही. सुजेनं फेरिटिनही फुगतं, म्हणून नुसत्या १८० वर जाऊ नका, ट्रान्स्फरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातून प्रत्यक्ष किती लोह फिरतंय, ते बघायला सांगा. गोळी मनानं वाढवू नका. आणि कावळेभाऊ, ऑक्सिमीटर हिमोग्लोबिन मोजतच नाही. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या गाड्या समजा. आहेत तेवढ्या गाड्या किती भरल्यात ते सांगतो, गाड्याच कमी असल्या तर त्याला पत्ता नाही.

झाकली_मूठ: नेब्युलायझरचा मास्क रोज धुता ना?

उलटतपासणी: विचारलंय काय, सांगताय काय!

गोंधळलेला_कावळा: एक राहिलं. छोटी पांढरी गोळी पण आहे, प्रेडनिसोलोन १०. कफ वाढला तेव्हा दिली होती, मग चालूच राहिली. आठ महिने झाले. ती आणि लोह-कॅल्शियम सकाळी एकदमच देतो, विसरायला नको म्हणून.

पाटीपेन्सिल: अहो, हेच ते स्टिरॉइड, तेच तर पहिल्यांदा विचारलं होतं! हाडांची झीज या गोळीनं पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यात वेगानं होते. पण घाबरून एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनणं मंदावलेलं असतं, बीपी कोसळू शकतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास तरी जाऊ द्या. आणि उंची मोजा.

गोंधळलेला_कावळा: उंची कशाला? बरं, दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलनं खूण केली. जुन्या फाइलमध्ये १६८, आता १६३.

पाटीपेन्सिल: पाच सेंटिमीटर! मणका दबला असेल, पुष्कळदा कळतही नाही. पाठ वाकली की फुप्फुसाला जागाही कमी. सोमवारपर्यंत थांबू नका, उद्याच फोन करून मणक्याच्या एक्स-रेचं विचारा. पांढऱ्या गोळीचं आधी सांगा.

कोवळं_ऊन: ऊन मात्र सोडू नका हं.