पाडायच्या घराची छायाचित्रे : अल्ट्रा वाइड झूम लेन्स कोणती घ्यावी आणि कशी वापरावी?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचे माहेरचे जुने चौकाचे घर आहे. २०१९ च्या महापुरात पाणी सोप्यापर्यंत चढले, तेव्हापासून मागच्या दोन मातीच्या भिंतींनी जी ओल धरली ती आजतागायत सुटलेली नाही. आता भावांनी दिवाळीनंतर घर उतरवायचे ठरवले आहे. घर धोकादायक झाले आहे हे मलाही दिसते, त्यामुळे निर्णयाबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र ते जमीनदोस्त होण्यापूर्वी देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, माडी आणि परडे या सर्वांची नीट छायाचित्रे माझ्याकडे असावीत अशी फार इच्छा आहे.

माझ्याकडे निकॉन डी५६०० कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. अडचण माजघरात येते. ते दहा फूट खोल आणि सोळा फूट लांब आहे. पाठ भिंतीला टेकवून उभे राहिले तरी समोरच्या भिंतीवरचे दोन्ही दरवाजे आणि त्यांच्यामधला कोनाडा एका फ्रेममध्ये बसत नाहीत. मोबाइलच्या वाइड कॅमेऱ्याने सगळे येते, पण खांब आत कलल्यासारखे दिसतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यांत नुसता चिखल होतो.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत : निकॉनची १०-२० मिमी, जुन्या बाजारात मिळणारी टोकिनाची ११-१६ मिमी एफ/२.८ (म्हणजे जास्त उजेड आत घेणारी), किंवा फुल फ्रेमची (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) एखादी १६-३५ मिमी. "पुढे मोठा कॅमेरा घेतलात तरी हीच चालेल" असे सांगून एका दुकानदाराने शेवटचा पर्याय सुचवला. कोणती घ्यावी, आणि घेतल्यावर वापरावी कशी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिपाई

ताई, सर्वप्रथम १६-३५ चा विचार सोडून द्यावा, आणि त्याचे कारण आपल्याच माजघरात आहे. आपल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी आहे. भिंतीपासूनच्या अंतराला २३.५ ने गुणून फोकल लेंग्थने (लेन्सच्या मिमीच्या आकड्याने) भागले की त्या अंतरावर किती रुंदी फ्रेममध्ये मावते ते कळते. दहा फुटांच्या खोलीत कॅमेरा आणि आपण मिळून एखादा फूट खाणार, म्हणजे उरले नऊ फूट. १८ मिमीवर तिथे पावणेबारा फूट मावतात. १६ मिमीवर सव्वातेरा, म्हणजे सोळा फुटांची भिंत अजूनही अपुरीच. ११ मिमीवर एकोणीस आणि १० मिमीवर एकवीस फूट मावतात. या टोकाला एकेक मिलिमीटर दोन फुटांचा फरक पाडतो, त्यामुळे "दहा काय आणि अकरा काय" असे इथे म्हणता येत नाही. १६-३५ ही फुल फ्रेमवर खरोखर वाइड असते, पण आपल्या कॅमेऱ्यावर ती साधारण २४ पासून सुरू होणाऱ्या लेन्ससारखी वागेल. पुढे कधीतरी घेऊ त्या कॅमेऱ्यासाठी आजचे काम अडवू नये.

आता उरलेल्या दोहोंपैकी. टोकिना ११-१६ च्या पहिल्या आवृत्तीत निकॉन माउंटसाठी फोकसची मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही ती नसते, म्हणजे प्रत्येक वेळी हाताने फोकस करावा लागेल. दुसऱ्या आवृत्तीत मोटर आहे, म्हणून जुन्या बाजारात घेताना हे आवर्जून तपासावे. एफ/२.८ हे तिचे खरे बळ, आणि रात्रीच्या आकाशाची किंवा जत्रेतल्या पालखीची छायाचित्रे घेणाऱ्याने त्यासाठी पैसे जरूर मोजावेत. भिंती आणि खांब मात्र हलत नाहीत. ट्रायपॉड लावून दोन सेकंदांचे एक्स्पोजर दिले तरी चालते. म्हणून आपल्याला मी निकॉनची एएफ-पी १०-२० मिमी एफ/४.५-५.६ व्हीआर सुचवेन. वजन अवघे २३० ग्रॅम, आपल्या कॅमेऱ्यावर ती पूर्ण चालते, आणि जिथे ट्रायपॉड उभा राहत नाही अशा जिन्यात कंप कमी करणारी व्हीआर सोय उपयोगी पडते. या लेन्सवर व्हीआरचे बटण नाही, ती सोय मेनूतून चालू-बंद होते. ट्रायपॉडवर ती बंद ठेवावी. टॅमरॉनची १०-२४ हीदेखील चांगली आहे, फक्त ४४० ग्रॅमची आहे.

काम एकदाच करायचे असेल तर विकत घेण्याआधी भाड्याचाही विचार व्हावा. लग्नाचे काम करणारी मंडळी अशा लेन्स नेहमी भाड्याने नेतात, त्यांच्याकडे चौकशी केल्यास पत्ता लागतो.

फोकसची काळजी या लेन्समध्ये फारशी नसते. १० मिमी आणि एफ/८ वर साधारण पाऊण मीटर अंतरावर फोकस धरला की सुमारे पाऊण हातापासून थेट अनंतापर्यंत सगळे स्पष्ट येते. एफ/१६ च्या पुढे जाऊ नये, चित्र मऊ पडते. आणि कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मुळीच उघडू नये, कारण त्याचा उजेड १० मिमीच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि खाली लेन्सचीच सावली पडते.

शिरोळकडचा

वरील सर्व हिशोब मान्य. खांब कलण्याबद्दल मी लिहितो, कारण ते मी चुकून शिकलो.

कॅमेरा वर किंवा खाली झुकला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. हा नियम सगळ्याच लेन्सना लागू आहे, फक्त वाइड लेन्स तो उघडा पाडते. गवंडी भिंत बांधताना पाणसळ आणि ओळंबा लावतो, तेच आपण कॅमेऱ्याला करायचे. फ्लॅशच्या खाचेत बसणारी छोटी पाणसळ अल्प किमतीत मिळते, आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये चौकटीच्या रेषा दाखवण्याची सोय आपल्या कॅमेऱ्यात आहे. कॅमेरा सपाट ठेवल्यावर खालची फरशी जास्त आणि कडीपाट कमी येईल. अशा वेळी कॅमेरा न झुकवता तो उंच करावा किंवा फ्रेम उभी करावी. तेही शक्य नसेल तर थोडी जास्त जागा सोडून छायाचित्र घ्यावे आणि नंतर संगणकावर रेषा सरळ कराव्यात. सरळ करताना कडा कापल्या जातात, म्हणून ती जागा आधीच सोडलेली असावी.

माझी चूक खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातली. तिथल्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल गवाक्ष आहे आणि त्याच्या बरोबर खाली गोल शिळा. मी कॅमेरा त्या शिळेवर उताणा ठेवला, ११ मिमीवर खांबांचे पूर्ण वर्तुळ आणि मधले आकाश घेतले, आणि आनंदाने घरी आलो. संगणकावर पाहतो तर आकाशाचा गोल लांबट झालेला, अंड्यासारखा. कॅमेऱ्याच्या एका कडेखाली रुमालाची घडी राहिली होती, तेवढ्याने कॅमेरा जेमतेम दोन-तीन अंश कलला असेल, आणि शिवाय मी तो शिळेच्या मध्यापासून वीतभर बाजूला ठेवला होता. पुढच्या खेपेस दोरीने मध्य काढला, पाणसळ लावली, आणि मगच बटण दाबले. आपल्या चौकातून वर दिसणारा आकाशाचा चौकोन अशाच रीतीने घ्यावा असे मी सुचवेन. चौकोन मात्र खरोखर काटकोनी आहे की नाही हे आधी मोजावे, जुन्या घरांत तो बहुधा नसतो, आणि मग कॅमेऱ्याला दोष देत बसू नये.

आणखी एक. घरातील वडीलधारी माणसे चित्रात घेणार असाल तर त्यांना कडेला बसवू नका. कडेचा चेहरा आणि हात बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखे होतात. लेन्स कितीही महाग असली तरी हे होते, कारण ते सपाट चित्रावर इतका रुंद कोन पसरवण्यामुळे होते. त्यांना मधल्या एक तृतीयांश भागात ठेवावे.

जुना रोलवाला

मी थोडे वेगळे मत मांडतो आणि ते मनापासून मांडतो. गेली अनेक वर्षे मी या शहरातील घरांची, दुकानांची आणि तालमींची छायाचित्रे घेत आलो आहे. वाइड लेन्सविषयी लोक नेहमी "किती मावते" एवढेच विचारतात. ती आणखी एक गोष्ट करते : जवळचे मोठे करते आणि लांबचे फार लांब ढकलते. दहा फुटांचे माजघर १० मिमीवर कार्यालयाच्या हॉलसारखे दिसू लागते. घर विकणाऱ्याला ते हवेच असते. पण ताई, आपल्याला आपले माजघर हवे आहे. ज्या खोलीत चार माणसे जेवायला बसली की पाचव्याला ताट ओलांडून जावे लागत होते, ती खोली चित्रातही तेवढीच वाटली पाहिजे. वीस वर्षांनी आपल्या नातवंडांनी ते पाहून "केवढे मोठे घर होते" असे म्हटले, तर छायाचित्र स्वच्छ असूनही खोटे ठरेल.

म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक खोलीचे एक संपूर्ण चित्र १० किंवा १२ मिमीवर घ्यावे, नोंद म्हणून, आणि त्याच खोलीची दोन-तीन चित्रे १८ ते ३५ च्या दरम्यान घ्यावीत, जी घरात वावरणाऱ्याच्या नजरेसारखी असतील. रुंद चित्रात मध्याजवळ ओळखीच्या आकाराची एखादी वस्तू ठेवावी. पाट, तांब्या, दाराची कडी, काहीही. डोळ्याला माप मिळते.

लेन्स घ्यायचीच नसेल तर आपल्या १८-५५ नेसुद्धा ते संपूर्ण चित्र मिळू शकते. कॅमेरा उभा धरून, प्रत्येक चित्र शेजारच्या चित्रावर एक तृतीयांश चढेल असे पाच-सहा घ्यावेत आणि ह्यूजिन या मोफत प्रोग्रॅमने जोडावेत. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने कायम ठेवावे. जवळचा खांब आणि मागची भिंत दोन्ही चित्रात असतील तर कॅमेरा ट्रायपॉडच्या स्क्रूभोवती फिरवून भागत नाही, लेन्सच्या आतल्या विशिष्ट बिंदूभोवती फिरवावा लागतो, नाहीतर खांब तुटका जुळतो. सरळ भिंतीसाठी हे सोपे आहे, चौकासाठी कष्टाचे.

प्रकाशाबद्दल एवढेच : दुपारची वेळ टाळावी. चौकात ऊन उतरले की सोपा काळा आणि चौक पांढरा होतो. ढगाळ सकाळ सर्वांत चांगली. रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) ठेवावी, एकेका जागेची कमी, बरोबर आणि जास्त अशी तीन एक्स्पोजर घ्यावीत, आणि ट्यूबलाइट बंद करून दारातून येणारा उजेडच राहू द्यावा.

जुनी लेन्स घेणार असाल तर आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करूनच घ्या. मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघावे, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी समजून परत करावी, किंमत कितीही कमी असली तरी. पुढच्या काचेवरची बारीक रेघ चालते, मागच्या काचेवरची चालत नाही. घाटावरच्या एखाद्या सपाट दगडी भिंतीसमोर अगदी समोरासमोर उभे राहून सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरवर (सर्वांत लहान एफ आकड्यावर) एक चित्र घ्यावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा पुसट असेल तर आतील काचा सरकलेल्या आहेत.

घाटमाथा

लहानशी पुरवणी. चौकातून आकाश घेताना पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) लावू नये. आकाशातील ध्रुवीकरण सूर्यापासून काटकोनात सर्वाधिक असते आणि ही लेन्स त्याहून रुंद कोन पाहते, त्यामुळे आकाशाचा एक पट्टा गडद निळा आणि दोन्ही बाजू फिक्या असे विचित्र चित्र येते. साधा फिल्टर लावलाच तर पातळ कडेचा, नाहीतर कोपरे काळे होतात. निकॉन १०-२० ला ७२ मिमी, टोकिना ११-१६ ला ७७ मिमी.

पंचगंगाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. तिपाई यांच्या सल्ल्याप्रमाणे १०-२० मिमी दोन दिवसांसाठी भाड्याने आणली आणि पहिल्या दिवशी कॅमेरा न उघडता टेपने सगळ्या खोल्या मोजल्या. चौक एका बाजूला सात इंचांनी अरुंद निघाला. इतकी वर्षे त्या घरात वावरलो, पण हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते.

माजघराचे संपूर्ण चित्र १२ मिमीवर पाणसळ लावून घेतले. सोळा फुटांची भिंत पूर्ण आली, खांब सरळ आले. रोलवाल्या काकांनी लिहिले ते मला तिथेच पटले, कारण कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती खोली मला परकी वाटली. मग आत्यांना कोनाड्याखाली पाटावर मधोमध बसवले आणि जुन्या लेन्सने २४ मिमीवर दुसरे घेतले. त्यात दोन्ही दरवाजे अर्धेच आहेत, तरी भावाने पाहताच तेच मागितले.

रुंद लेन्सचा सर्वांत चांगला उपयोग मात्र देवडीच्या उंबरठ्यावर झाला. त्याच्या मधोमध पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी वाटीसारखा खोलगा पडला आहे. कॅमेरा जमिनीवर ठेवून वीतभर अंतरावरून १० मिमी आणि एफ/११ वर चित्र घेतले. लाकडाच्या शिरा, त्या खळग्यात साचलेली धूळ, आणि मागे तुळशीवृंदावनासह अख्खा चौक, सारे स्पष्ट आले आहे. भावांनी तो उंबरठा जपून काढून ठेवायचे मान्य केले आहे.

एक शंका उरते. माडीच्या जिन्यात ट्रायपॉड राहत नाही, तिथे हातात धरून १० मिमीवर एक अष्टमांश सेकंदाने घेतलेल्या सहापैकी दोनच चित्रे स्थिर आली. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढवावा, की कॅमेरा पायरीवरच टेकवून घ्यावा?

तिपाई

पायरीवर टेकवावा, खाली दुमडलेली चादर ठेवावी आणि सेल्फ टायमर लावावा. आयएसओ १०० च राहू द्या, जिन्यातल्या काळोखात लाकडाचा रंग त्यानेच खरा येईल. पायरी फ्रेमच्या खालच्या कडेला मोठी दिसेल, ती तशीच असू द्या.