फक्त अंगावरचं दूध: तुमचं कुठे अडलं, कशानं जमलं?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाणीही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस बहुतेकींना पाठ असते. (औषधं, व्हिटॅमिनचे थेंब, ओआरएस चालतात.) तरी घोडं अडतंच. सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

*

माझं सिझर. सुरुवातीला थेंबथेंब चीक. दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझरनंतर कधी जास्तही, हे आधी कुणी बोललंच नव्हतं. बाळ रडलं की "हिला दूधच नाही", आणि बाटली हजर. बाटलीनं पोट भरलं की ते ओढेना. ओढणं कमी म्हणून दूध कमी, दूध कमी म्हणून पुन्हा बाटली! शेवटी एका नर्सताईंनी शेजारी बसून पकड सुधारून दिली. नुसतं निपल नाही, भोवतीचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. निपलला पडलेल्या चिरा भरल्या. बाटली सुटायला मात्र बरेच आठवडे गेले.

*

बाबा लिहितोय, चालेल ना? पाजणं माझ्या हातात नव्हतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पाहुण्यांना थोपवणं होतं. "उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाजा" म्हणणाऱ्यांना माझं ठरलेलं उत्तर: आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. "पुरतं का?" विचारलं की ओल्या लंगोटांची बादली दाखवायचो. पहिला आठवडा सरल्यावर दिवसाला सहा तरी ओले, वजन वाढतंय, मग पुरतंय.

*

रजा संपली आणि ऑफिसात पंप करायला जागा म्हणजे टॉयलेट! एका सहकारीणीनं मीटिंग रूमची किल्ली मिळवून दिली, म्हणून निभावलं. काढलेलं दूध साध्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. ते वाटी-चमच्यानं पाजलं तरी 'फक्त आईचं दूध'च.

*

"मनात असेल तर जमतंच" असं कृपया कुणी लिहू नका. माझ्या मनात होतं. पकड तपासली, रात्रीचंही पाजलं, थायरॉइडवर उपचार घेतले, वजन वाढेना. डॉक्टरांनी फॉर्म्युला (बाळांसाठीचं पावडरचं दूध) सुरू करायला सांगितलं, केला. बाळ बाळसं धरू लागलं. लोकांच्या नजरा अजून खुपतात.

*

वरच्या ताईंना +१.

जुळ्यांच्या आया आहेत का इथे? दोघांना एकदम पाजता की पाळीपाळीनं? रात्रीचं जरा सविस्तर लिहा.