तरतमभाव: तक्ता आधी की पट्टी आधी?

फळापुसणी
मराठी माध्यमाच्या पाचवी-सहावीत ‘डिग्रीज ऑफ कंपॅरिझन’ (तरतमभाव) आलं की फळ्यावर तीन रकाने पडतात: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मुलं ते पाढ्यासारखं म्हणतात आणि वाक्य मात्र लिहितात ‘राम इज टॉल दॅन श्याम’. माझं म्हणणं असं की पहिले चार तास हा तक्ता फळ्यावर येऊच नये.

पाठांतर कमी पडतं म्हणून ही चूक होत नाही. मराठीत तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’ उचलतो आणि विशेषण जागचं हलत नाही. ‘श्यामपेक्षा उंच’, ‘सगळ्यात उंच’, कुठेही बघा, उंच तो उंचच. ‘दॅन’ म्हणजे पेक्षा हे कळलं की मुलाच्या लेखी काम झालं. ‘-अर’ कशाला लागतो, ते त्याला दिसत नाही.

म्हणून आधी दोनच वस्तू घ्या: १५ सेंटिमीटरची पट्टी आणि ३० सेंटिमीटरची. ‘विच इज लाँगर?’ – ‘दिस इज लाँगर.’ पहिल्या तासाला ‘दॅन’ मुद्दाम टाळा, म्हणजे सगळा अर्थ ‘-अर’वरच येतो. मग १०० पानी आणि २०० पानी वही: थिनर, थिकर. भरलेली आणि अर्धी बाटली: हेवियर, लायटर. दुसऱ्या तासाला ‘दॅन’ आणा. तिसऱ्या तासाला मीटरपट्टी काढा. कालची ‘लाँगर’ ३०ची पट्टी आज मधे पडते, आणि ‘द लाँगेस्ट’ला ‘द’ का लागतो तेही समोर दिसतं: तशी एकच आहे. चौथ्या तासाला याच वस्तूंवर मुलं आपणहून वाक्यं करतील.

एक पथ्य: मुलांना उभं करून उंची, जाडी, रंग यांची तुलना करू नये. वर्षभर पुरणारी टोपणनावं तिथेच तयार होतात.

पाठांतरप्रेमी
साफ असहमत. पट्टीवरून ‘लाँगर’ येईल. ‘गुड-बेटर-बेस्ट’, ‘बॅड-वर्स-वर्स्ट’, ‘लिटल-लेस-लीस्ट’ कुठल्या पट्टीवर मोजणार? ही घोकावीच लागतात. अनियमित असे सात-आठच शब्द आहेत, रोज दोन मिनिटं पुरतात.

शिवाय स्पेलिंग. ‘बिग’मध्ये जी दुप्पट होतो, ‘क्लीन’मध्ये एन होत नाही, ‘हॅपी’त वायचा आय होतो. शेवटची तीन अक्षरं व्यंजन-स्वर-व्यंजन असली तर शेवटचं दुप्पट, हा नियम एका अक्षरगटाच्या (सिलॅबलच्या) शब्दांना लिहून दाखवल्याशिवाय कळत नाही. (डब्ल्यू अपवाद: ‘स्लो’चं ‘स्लोअर’, डब्ल्यू एकच.) आणि दहावीला ‘चेंज द डिग्री’ सोडवायचं असतं, तेव्हा मीटरपट्टी बाकाखालीच राहते.

उच्चतम
पाठांतरप्रेमी, अनियमितांबद्दल पटलं. पण ‘लहान शब्दाला -अर, मोठ्याला मोअर’ असं सांगून आपण जो घोळ घालतो त्याचं काय? मुलं मग अक्षरं मोजतात. ‘स्ट्रेट’ची इंग्रजी अक्षरं आठ, तरी ‘स्ट्रेटर’. ‘मॉडर्न’ची सहा, तरी ‘मोअर मॉडर्न’. अक्षरगट टाळ्या वाजवून मोजायला लावा: एक टाळी तर ‘-अर’, तीन किंवा जास्त तर ‘मोअर’. दोन टाळ्यांचा प्रदेश घसरडा आहे, तिथे ‘-वाय’ने संपणारे (हॅपी, हेवी, ईझी) आधी घ्या आणि बाकीचे एकेक करून.

‘मोअर टॉलर’ला हसू नका. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ ही संस्कृतात तमभावाचीच (‘-एस्ट’सारखी, ‘सगळ्यात’ सांगणारी) रूपं. त्यांतला ‘-इष्ठ’ आणि इंग्रजीतला ‘-एस्ट’ हे भाषाकुळाने भाऊबंद आहेत. तरी आपण बिनदिक्कत ‘सर्वांत श्रेष्ठ’ म्हणतो! लसावि-मसावितला ‘तम’ मात्र मुलांच्या ओळखीचा असतो: लघुतम, महत्तम. तिथून ‘-एस्ट’कडे जायला अर्धं मिनिट लागतं.

फळापुसणी
लसावि चांगलं सुचवलंत, पण तरभाव (‘-अर’ची पायरी) तिथे नाहीच, आणि अडतं ते तिथेच.

गावकुस
दोघांचंही एक राहून गेलं. मराठी मुलाला सर्वांत सोपं वाक्य ‘ॲज… ॲज’चं. ‘साल्हेर कळसूबाईएवढा उंच नाही’ – ‘साल्हेर इज नॉट ॲज हाय ॲज कळसूबाई’. इथे विशेषण दोन्ही भाषांत बदलत नाही, म्हणून चुकायला जागाच कमी. हे आधी पक्कं करा. मग त्याच दोन नावांची अदलाबदल करून ‘कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर’. नावं उलटली की ‘-अर’ लागला, हा बदल मुलांना झटकन टिपता येतो. म्हणजे तक्त्याचा पहिला रकाना खरोखर पहिला ठरतो, फक्त तो सुटा शब्द नको, वाक्य हवं.

पाठांतरप्रेमी
हे मान्य. मग ‘चेंज द डिग्री’चं रूपांतर पाचवीतच सुरू करायला हरकत काय?

फळापुसणी
हरकत ‘एनी अदर’ची आहे. मुलं ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहितात. गुण जातात, पण का गेले ते कळत नाही. महाराष्ट्रातल्या शिखरांत कळसूबाईही आलंच, म्हणजे ते स्वतःपेक्षाच उंच ठरलं. ही अडचण तर्काची आहे आणि पाठांतराने ती झाकली जाते.

गावकुस
मग चिठ्ठ्या करा. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, महाबळेश्वर १४३८. तीनही टेबलावर: ‘द हायेस्ट’. कळसूबाईची चिठ्ठी उचलून हातात धरा, उरलेल्या गठ्ठ्यावर बोट ठेवा: ‘एनी अदर पीक’. चिठ्ठी उचलली नाही तर ‘अदर’ म्हणायचं नाही, एवढाच नियम. ‘नो अदर पीक इज ॲज हाय ॲज कळसूबाई’लाही हीच कृती चालते.

उच्चतम
छान. आता साल्हेरची चिठ्ठी हातात घेऊन ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स’ करून दाखवा. पुढे अनेकवचन लागतं हे तिथेच निम्म्या वर्गाचं सुटतं, आणि रूपांतर करताना ‘एनी अदर’ चालत नाही, ‘मोस्ट अदर पीक्स’ घ्यावं लागतं. त्यासाठी तीन चिठ्ठ्या पुरायच्या नाहीत, निदान सहा हव्यात.